मानमोडीच्या सालची

माणसाचं वय सांगायला जन्मतारीख लागते, हे आमच्या बायला शेवटपर्यंत पटलं नाही. शिधापत्रिकेच्या कामासाठी एका कारकुनाने तिला जन्मसाल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मानमोडीचं साल लिवा. भात पोटरीला आलं व्हतं." कारकुनाला मानमोडी ठाऊक नव्हती आणि भात त्याने बहुधा ताटातच पाहिलेला. तिच्याकडे एक नजर टाकून त्याने अंदाजाने १९२५ लिहिलं. तेव्हापासून बाय सरकारदरबारी सात वर्षांनी लहान झाली आणि तशीच राहिली.

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. जून महिन्यात मुंबई बंदरातून शहरात शिरलेली ही साथ पावसाळा सरता सरता दुप्पट जोराने उलटली. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने गावंच्या गावं आडवी केली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं तिने नेली. कोकणात भात पोटरीला येतं ते याच सुमाराला. म्हणजे बायने दिलेल्या पत्त्यावर महिनासुद्धा लिहिलेला होता. फक्त वाचणाऱ्याला वाचता आला नाही.

बाय माझ्या आजोबांची धाकटी बहीण. दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावात जन्मली, तिथेच जवळ लग्न झालं, विशीच्या आतबाहेर नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. पुढची चाळीसहून जास्त वर्षं तिने लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवली. घरात आम्ही सगळे तिला बाय म्हणायचो. तिच्या हातचं जेवणारे गिरणी कामगार तिला मावशी म्हणायचे. या दोन हाकांमध्ये तिचं सगळं आयुष्य गेलं.

लहानपणी बायच्या गोष्टी ऐकताना माझी एक पंचाईत व्हायची. काही गोष्टी तिने पाहिलेल्या असत, काही ऐकलेल्या. पण सांगताना दोन्हींचा सूर एकच. गवालिया टँकवर गांधीजींनी 'करा किंवा मरा' असं सांगितलं, तेव्हा माणसं कशी झाडांवर चढून बसली होती, पाऊस कसा मध्येच थांबला, हे ती अशी सांगायची की वाटावं, ही व्यासपीठाखालीच उभी होती. एकदा वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाय मुंबईत आली तीच मुळी बेचाळीसच्या दिवाळीनंतर. ऑगस्टात ती गावी गुडघाभर चिखलात बेणणी करत असणार. मी हे तिला तोंडावर विचारलं. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "बघितलं काय नि ऐकलं काय बाबू. सांगनाऱ्याला जेवायला तर मीच घातलं ना?"

या उत्तराने मला पुढे एक कसोटी दिली. तिच्या गोष्टी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा ऐकल्यावर ध्यानात आलं की जे तिने स्वतः पाहिलं, त्यात खाण्याचा एखादा पदार्थ हटकून असायचा. जे ऐकलं, त्यात झेंडे, भाषणं, गर्दी असं सगळं असे. पण आमटी नसे, भाकरी नसे, सुकट नसे. गवालिया टँकच्या गोष्टीत कुणी काही खाल्लं नव्हतं. म्हणजे ती ऐकीव. ही कसोटी मी नंतर पुस्तकांतल्या तारखांवर घासून पाहिली आणि ती क्वचितच चुकली.

तिच्या मुंबईत येण्याच्या गोष्टीत पाव होता. त्या काळी खाडीकाठच्या माणसाला मुंबईचा रस्ता म्हणजे समुद्र. बोट खोल पाण्यात उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, तांडेलाच्या हाताला धरून वर चढायचं, तांदळाची गोणी आणि आमसुलांची गाठोडी डेकवर टाकून त्यांनाच टेकून रात्र काढायची. गावच्या बायकांनी तिला सांगून ठेवलं होतं की पहाटे लांबून मुंबईचे दिवे दिसतात, देवदिवाळीच जणू. बोट पोहोचली तेव्हा समोर मिट्ट काळोख. युद्धाचे दिवस, दिव्यांना काळे कागद लावलेले. तिला वाटलं, बोट चुकून दुसरीकडेच लागली. भाऊच्या धक्क्यावर आजोबा घ्यायला आले होते. त्यांनी इराण्याकडून चहा आणि पाव आणून तिच्या पुढ्यात ठेवला. गावाकडे पाव खाल्ला की माणूस बाटतो, अशी समजूत. तिने पाव पदरात बांधला आणि चहा प्यायली. तो पाव दोन दिवसांनी चाळीतल्या पोरांना वाटला. "नंतर खायला लागले की," ती म्हणायची, "पन पयला नाय खाल्ला."

आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, होते. पगारात घर भागत नव्हतं. गावच्या मंडळींचा गाळा त्याच चाळीत होता. गाळा म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली. तिच्यात तीस-तीस, चाळीस-चाळीस पुरुष पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्याच वळकटीच्या जागी तिसऱ्या पाळीचा आडवा. प्रत्येकाची बायको गावी, शेतीवर. या पुरुषांना जेवू कोण घालणार? गिरणगावात या प्रश्नाचं उत्तर हजारो बायकांनी दिलं. बहुतेक विधवा, टाकलेल्या, किंवा नवऱ्याच्या पगारात न भागणाऱ्या. बाय त्यांतली एक.

खानावळीचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चाले. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. पहिलीच्या मेंबरांना, म्हणजे तिच्याकडे महिन्याने जेवणाऱ्यांना, सहाच्या आत डबा हवा, म्हणून बाय साडेतीनला उठे. दुसरीवाले बारा वाजून गेल्यावर जेवायला येत, म्हणून ती एकला आडवी होई. दुपारी मधल्या दोन तासांत तिची खरी झोप. रविवारी मटण, बुधवारी मासे, एरवी डाळ, भात, एक भाजी. कोकणातल्यांना भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण लागे. सातारा-कोल्हापूरकडचे घाटी ज्वारीच्या भाकरीशिवाय उठत नसत. ती एकाच शेगडीवर दोन मुलखांचा स्वयंपाक करायची आणि दोघांनाही सांगायची की तुमचंच जास्त करते.

हिशेब महिन्याचा. पगार झाला की पैसे. मेंबर गावी गेला किंवा आजारी पडला तर तेवढ्या दिवसांचा खाडा. बायला अक्षर येत नव्हतं, पण तिची वही होती. प्रत्येक मेंबराला एक पान आणि पानावर नावाऐवजी खूण. छत्री विसरणाऱ्याची छत्री. मिशीवाल्याची मिशी. एकाची नुसतीच मिरची, कारण तो ताटावर बसला की आधी मिरची मागे. खुणेखाली उभ्या रेघा म्हणजे ताटं, फुली म्हणजे खाडा. वडील सांगायचे की या हिशेबावरून कुणाशी कधी तंटा झाला नाही. मेंबरच उलट म्हणत, मावशी, परवा मी दोनदा आमटी घेतली, लिहा.

पहिली मोठी परीक्षा तांदळाची. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. पुढच्या वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. मेंबरांनी आपापली रेशनकार्डं बायच्या हवाली केली. भात खाऊन वाढलेल्या माणसांना गहू आणि बाजरी पुढ्यात आली. बाजरीची भाकरी थापायला बाय एका घाटी मेंबराच्या बायकोकडून शिकली. ती बाई बाळंतपणासाठी चार महिने मुंबईत आली होती. कोकणातले मेंबर भाकरी कुस्करून तिच्यावर सोलकढी ओतत आणि डोळे मिटून भात समजून खात. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, हेही बाय सांगायची. पण त्या गोष्टीत फक्त आकडे असत. ती मेंबराने वर्तमानपत्रातून वाचून दाखवलेली.

एप्रिल १९४४ची गोष्ट मात्र तिने ताटासकट पाहिली होती. पहिली पाळी सुटून माणसं उशिराच्या जेवणाला बसलेली. चार वाजून गेलेले. एकदम जमीन हादरली आणि ताटातली आमटी हिंदकळून बाहेर आली. पुरुष उठून गॅलरीत धावले. अर्ध्या तासाने दुसरा आवाज झाला, तो पहिल्याहून मोठा. बाय सांगे की आभाळातून पेटता कापूस पडला, लोखंड पडलं आणि सोनंसुद्धा पडलं. लहानपणी मला हा भाग राक्षसाच्या गोष्टीइतकाच खरा वाटायचा. मोठेपणी वाचलं. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं, त्यात चौदाशे टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. एक वीट जवळजवळ मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरावर येऊन पडली आणि त्याने ती परत केली. सातशेच्या वर माणसं मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. आमटी सांडली होती, म्हणजे सोनंही पडलं होतंच.

बायच्या कालगणनेचा मला सगळ्यात मोठा अचंबा वाटला तो सत्तेचाळीस सालामुळे. ती म्हणायची, "रामदास बुडाली त्या वर्षी श्रावन दोनदा आला. नि समुद्रात नारळ उशिरा पडला." मला वाटलं, दुःखाने लांबलेले दिवस ती असे सांगते आहे. मग जुनं पंचांग पाहिलं. १९४७मध्ये खरोखर अधिक श्रावण होता. १७ जुलैला, आषाढ सरता सरता, रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे शहराला कळलं. लगेच अधिक महिना लागला. त्याच महिन्याच्या वद्य पक्षात देश स्वतंत्र झाला, आणि नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदी अखेरीला गेली. बायने दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यातला एक दिवसही इकडचा तिकडे नव्हता.

त्या बोटीवर तिचे दोन मेंबर होते. अलिबागकडचे सख्खे भाऊ, दोघेही त्रासनखात्यात. श्रावण लागायच्या आत घरी जाऊन वशाट खाऊन येतो म्हणाले. थोरल्याने निघताना मागचा हिशेब चुकता केला आणि चार दिवसांचा खाडा लावायला सांगितला. बायने त्यांच्या पानांवर चार चार फुल्या मारल्या. पुढे ती दोन्ही पानं तिने कुणाला दिली नाहीत. एरवी मेंबर सुटला की पान नव्याच्या नावे होई, कारण कागदाला पैसे पडत. १५ ऑगस्टला चाळीत गूळ घालून खीर केली होती, पण ती वाढताना दोन वाट्या जास्त भरल्या गेल्या, एवढं ती सांगायची आणि विषय बदलायची.

आदल्या वर्षीचा, नाविकांच्या बंडाच्या वेळचा गोळीबारही तिच्या गोष्टीत यायचा. २२ फेब्रुवारी १९४६. गिरणी कामगारांनी बंडवाल्यांच्या बाजूने हरताळ पाळला आणि परळच्या वस्तीत लष्कराने गोळ्या झाडल्या. कार्यकर्त्या कमल दोंदे तिथे गोळी लागून पडल्या. त्या दिवसांत शहरात मिळून दोनशेहून अधिक माणसं मारली गेली. बायच्या आठवणीत त्या दिवशीचा भात आहे. शिजवलेलं सगळं पातेलं तसंच राहिलं. संध्याकाळी कुणी जेवायला आलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच भाताचे तिने सांडगे घातले. गॅलरीत वाळत टाकायची सोय नव्हती, कारण बाहेर संचारबंदी. म्हणून खोलीतच, माळ्यावर.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. फ्लोरा फाउंटनची लांबलचक, चढ्या आवाजातली. त्यात मोर्चा होता, लाठ्या होत्या, नोव्हेंबर १९५५चा गोळीबार होता, पण खायला काही नव्हतं. दुसरी गोष्ट एवढीशी. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात देणार असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. अश्रुधुरावर उपाय म्हणून पोरांनी तिच्या टोपलीतले सगळे कांदे नेले. चार दिवस बिनकांद्याची आमटी झाली. एका मेंबराने नाक मुरडलं तेव्हा बायने त्याला सुनावलं की कांदा महाराष्ट्राच्या कामाला गेलाय, गिळ गुमान. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचे कार्यक्रम कामगार मैदानात होत. ती कधी गेली नाही, कारण ती दुसऱ्या पाळीच्या भाकऱ्यांची वेळ. पण मेंबर जेवताना जे गुणगुणत, त्यावरून तिला सगळं पाठ होतं. पुढे आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला तेव्हा एक साचेवाला जेवणाआधी अग्रलेख मोठ्याने वाचायचा. त्याला ती वाचनाबद्दल एक पोळी जास्त वाढायची. वहीत तिची रेघ नसे.

खाण्याच्या पदार्थाची ही कसोटी तिच्या अभिमानाच्या गोष्टींना लागू पडते, तशी तिच्या मौनालाही लागू पडते. साचेखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. विटाळाच्या त्या निमित्ताने दलित कामगारांना त्या खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामावर, घेतच नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. खानावळीही तशाच जातवार विभागलेल्या. मी कॉलेजात असताना बायला विचारलं की तुझ्या पंगतीला सगळे बसायचे का. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "नाय. तवा नाय वाढायची मी. मागायला बी कोन येत नव्हतं, नि मी बी बोलवत नव्हते." तिने सबब सांगितली नाही, जमान्यावर ढकललं नाही. आपल्या माणसांच्या आठवणी लिहिताना असली वाक्यं गाळायचा मोह होतो. गाळली तर तिची बाकीची साक्षही कच्ची ठरेल.

साठच्या दशकाअखेरचा भूकंप तिने उभ्याने पाहिला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे. सारं शहर झोपेत आणि बाय पहिल्या पाळीच्या भाकऱ्या थापत असलेली. फळीवरचे डबे खणखणले. तिला वाटलं, मांजर. कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तिचे पाटण तालुक्याकडचे मेंबर बातमी आल्या आल्या तव्यावरच्या भाकऱ्या फडक्यात बांधून निघाले. त्यांतल्या काहींची जुनी गावं धरणाच्या पाण्यात गेलेली होती. ज्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत, तिच्यासाठी त्यांनी जमिनी दिल्या आणि मग त्याच गिरण्यांत ते कामाला आले. हे मी आज असं जुळवून लिहितो. बाय फक्त म्हणायची, "पानी त्यांचं, दिवा आपला."

बहात्तरचा दुष्काळ चाळीत आला तो मिलोच्या रूपाने. रेशनवर मिळणारी अमेरिकेची ती लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडकायची. त्याच साली महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे निघाले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर रस्त्यावर उतरल्या. चाळीतल्या बायका बायला बोलवायला आल्या. तिची अडचण वेगळीच: भाकऱ्या हातावर थापणाऱ्या बाईकडे चार बायकांना दाखवण्याजोगं लाटणं कुठून असणार? होतं ते पोळीचं छोटंसं. शेवटी ती पितळी परात आणि पळी घेऊन गेली. मोर्चात आपलाच आवाज सगळ्यांत मोठा होता, असं ती सांगायची. परात आमच्या घरी आहे. तिच्या काठावरचे पोचे पाहता मला ते खरं वाटतं.

१९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात कायम अडकलेल्या. पगाराची तारीख महिन्यातून एकदा येई, पीठ रोज लागे. मधलं अंतर बाय पाटल्या गहाण टाकून भरायची, सोडवायची आणि पुन्हा टाकायची. मंडळाने बायकांचे गट केले, एकीने दुसरीला जामीन राहायचं ठरवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं. बायने पहिल्या कर्जातून मोठे स्टोव्ह आणि दोन गोणी तांदूळ रोखीने घेतला. रोखीने घेतला तर वाणी वजनात मारत नाही, हा शोध तिला सत्तावन्नाव्या वर्षी लागला. या शोधाचं तिला स्वातंत्र्यापेक्षा जास्त कौतुक होतं.

आणि मग तो संप. इथून पुढे माझीही साक्ष आहे, कारण मी तेव्हा शाळेत होतो. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे साठ गिरण्यांमधले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडील बदली कामगार होते, तेही बसले. भोंगा वाजायचा थांबला. बाय मात्र साडेतीनलाच उठत राहिली. चार-सहा आठवड्यांत मिटेल, असं मेंबर म्हणत. होळी गेली, पाडवा गेला. बरेचसे गावी निघून गेले. ज्यांना गावी जमीन नव्हती ते राहिले आणि जेवायला येत राहिले. कुणी हमाली करी, कुणी भाजी विकी, पुष्कळांना तेही मिळत नसे. बाय रेघ मारायची, पैसे मागायची नाही. ताटातून आधी मटण गेलं, मग मासे, मग भाजी. शेवटी कुळथाचं पिठलं आणि भात. गावी गेलेले मेंबर भातकापणीनंतर आले, तेव्हा खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन आले. मागच्या बाकीत धरा म्हणाले. त्याच दिवसांत तिच्या पंगतीतली जुनी रेघही पुसली गेली. शेजारच्या गल्लीतले, आजवर कधी न आलेले, दारात उभे राहिले आणि ती वाढत गेली. समतेचा विचार करून तिने हे केलं, असं मी म्हणणार नाही. समोर उपाशी माणूस उभा होता आणि पातेल्यात भात होता.

पाटल्या गेल्या त्या या वेळी परत आल्या नाहीत. संप दीड वर्षाहून जास्त रेंगाळला आणि कुणी तो रीतसर मागे घेतलाच नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतलं नाही, वडील त्यांतले. खानावळीच्या बाकीबद्दल कुणी विचारलं तर बाय म्हणायची, "संप मिटला की देतील." हे ती नव्वदच्या दशकातही म्हणायची. तोपर्यंत गिरण्यांच्या आवारात काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. ती थट्टा करत होती की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही. पण काही जण खरंच आले. एक जण तर अकरा वर्षांनी आला, स्वतःच्या आंब्याच्या दोन पेट्या आणि पाकिटात पैसे घेऊन. बायने वही काढली, त्याची खूण शोधली, रेघा मोजल्या आणि पाकिटातले तेवढेच घेतले. पेट्यांबद्दल म्हणाली, "ह्यो भाव आत्ताचा हाय, त्यो नाय धरायचा." आंबे चाळीभर वाटले.

गुडघे बोलायला लागल्यावर खानावळ बंद झाली आणि ती गावी जाऊन-येऊन राहू लागली. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्या वर्षी, ऐंशीच्या घरात, ती पहिल्यांदा आगगाडीने चिपळूणला उतरली. बोगद्यांची, उंच पुलांची तिला विशेष नवलाई वाटली नाही. फलाटावर घेतलेला बटाटेवडा तिने निम्मा खाल्ला आणि निकाल दिला, "बोटीचा परवास बरा. उलटी झाली तरी दर्यात व्हायची."

२०१०नंतर गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज, कागदपत्रं यांची धावपळ सुरू झाली. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव असल्याचा पुरावा हवा होता. वडिलांनी जुन्या पत्र्याच्या पेटीतून पगाराची चिठ्ठी शोधून काढली. साताऱ्याकडचा एक म्हातारा मेंबर बायला भेटायला आला. त्याच्याकडे तिकीट नंबर नव्हता, विम्याचं कार्ड नव्हतं, काहीच उरलं नव्हतं. बायने त्याला बघताक्षणी सांगितलं की तू दुसऱ्या पाळीचा, तुला वाटाणा चालत नव्हता आणि शनिवारी तू उपास करायचास. तो हसला, मग म्हणाला, "मावशी, हे कागदावर लिहून द्याल का?" ते दोघेही त्यावर हसले, पण विचारताना तो हसत नव्हता. बायने तेव्हाच वडिलांना विचारलं होतं की अर्जात तिचं नाव कुठे घालायचं. वडिलांनी समजावलं की हा अर्ज गिरणीत काम करणाऱ्यांचा आहे. "मग मी काय करत व्हते?" एवढंच तिने विचारलं. राग नव्हता. तिला खरोखर माहिती हवी होती.

२०१३च्या पावसाळ्यात बाय गेली. खऱ्या हिशेबाने पंच्याण्णवाव्या वर्षात, शिधापत्रिकेच्या हिशेबाने अठ्ठ्याऐंशीची होऊन. तेराव्याला जेवायला किती पानं लागतील, याचा आमचा अंदाज सपशेल चुकला. तिघा-चौघांना सोडून आलेली माणसं आम्ही ओळखत नव्हतो. ती मेंबरांची मुलं होती.

वह्या माझ्याकडे आहेत. सगळ्या नाहीत, जुन्यांतली काही वाळवीने खाल्ली. उरलेल्यांतल्या खुणा वडिलांना विचारून मी ओळखीच्या करून घेतल्या. छत्री कोण, मिरची कोण, हे आता मला सांगता येतं. गिरण्यांचा इतिहास लिहिणारे पगाराचे तक्ते पाहतात, युनियनचे ठराव पाहतात, हजेरीपट पाहतात, आणि ते पाहायलाच हवेत. पण हजेरीपट सांगतो तो माणूस यंत्रापुढे उभा होता की नव्हता, एवढंच. संपाच्या त्या काळात गिरणीच्या दप्तरी वडिलांपुढे, त्या साचेवाल्यापुढे, वाटाणा न खाणाऱ्या सातारकरापुढे सलग गैरहजेरी लागली आहे. बायच्या वहीत त्याच दिवसांच्या रेघा आहेत, दिवसाला दोन, एकही फुली नाही.